दर पावसाळ्यात डेकखाली गळतंय: फळ्या, रेलिंग आणि खालची पन्हळ यांत चुकतं कुठे?

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "मे महिन्यात सगळ्या फटी सिलिकॉनने भरून घेतल्या होत्या, जुलैत पुन्हा खाली टपटप सुरू." घर लोणावळा-मुळशीकडचं असो, महाबळेश्वरचं असो की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या किनाऱ्यालगतचं, मांडणी एकच असते. हॉलला लागून पहिल्या मजल्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेल्या) किंवा लाकडाच्या फळ्या, कडेला रेलिंग आणि खाली झोपाळा, जेवणाचं टेबल नाहीतर गाडी. खालची जागा कोरडी हवी म्हणून वरच्या फटी बुजवल्या जातात. पहिली चूक इथेच होते.

डेकच्या फळ्यांना छत समजू नका. डब्ल्यूपीसीची 2.9 मीटरची फळी थंडीतल्या पहाटेच्या 15 अंशांवरून मे महिन्यातल्या दुपारच्या 55-60 अंशांपर्यंत तापली की लांबीत साधारण 5 ते 6 मिमी वाढते. लाकडाची फळी लांबीत फारशी हलत नाही, पण पावसाळ्यात रुंदीत फुगते. एवढी हालचाल कुठलंही सिलिकॉन वर्षानुवर्षं सोसत नाही. त्यात बहुतेक डब्ल्यूपीसी पॉलिथिलीनवर बनलेलं असतं आणि पॉलिथिलीनला सिलिकॉन नीट चिकटतच नाही. मग एका बाजूने ते सुटतं, केसाएवढी फट पडते, आणि आत शिरलेलं पाणी बाहेर न पडता फळी आणि पाइप यांच्यामध्ये दिवसेंदिवस अडकून बसतं. म्हणजे गळती थांबत नाही ती नाहीच, वर सांगाडा गंजायला लागतो. पाण्याला फळ्यांमधून खुशाल खाली येऊ द्यायचं, आणि फळ्यांच्या लगेच खाली उताराच्या थरावर धरून पन्हळीत नेऊन सोडायचं. बाकी सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

गळतीची वेळ आणि जागा बघितली तर निम्मं काम होतं.

पाऊस चालू असताना सगळीकडे सारखं ठिबकतंय, तर खाली पाणी धरणारा थरच नाही किंवा तो बऱ्याच ठिकाणी फाटलाय. फक्त घराच्या भिंतीलगत ओघळ येतात, तर भिंत आणि डेक यांच्या सांध्यावरची पट्टी चुकलीय. रेलिंगच्या खांबाखालीच ठिबकतं, तर तळपट्टीचे बोल्ट खालच्या थरातून आरपार गेलेत. साधारण सरीत काही नाही आणि धो धो कोसळला की एका टोकाला धार लागते, तर पन्हळ तुंबलीय किंवा अपुरी आहे. पाऊस थांबून चार-सहा तास झाले तरी थेंब चालूच असतील तर उतार कमी आहे, नाहीतर पोकळ फळ्यांच्या किंवा बॉक्स पाइपच्या पोटात पाणी साठलंय. आणि नोव्हेंबर-जानेवारीत, पावसाचा टिपूस नसताना पहाटे पत्र्याखालून थेंब पडत असतील तर ती गळती नव्हेच. ते दव आहे. त्यावर सीलंटच्या नळ्या रिकाम्या करू नका. पत्र्याच्या खालच्या बाजूला फॉइल-फोमचा थर लावला की काम भागतं.

तरीही खात्री होत नसेल तर कोरड्या दिवशी पाणी सोडून बघा. खालच्या पत्र्यावर आणि पाइपांच्या कडांवर शाळेचा पांढरा खडू घासून ठेवा. पाणी जिथून पहिल्यांदा उतरतं तिथे खडूवर काळपट ओघळ उमटतो. पाणी मात्र खालून वर चढत सोडायचं. आधी फक्त पन्हळीत बादलीने, मग डेकच्या बाहेरच्या कडेला नळी लावून, मग मध्यभागी, मग खांबांपाशी आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर. प्रत्येक ठिकाणी 15 ते 20 मिनिटं थांबा. उतावीळपणे सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही, कारण थेंब पडतो एकीकडे आणि पाणी शिरलेलं असतं तिथून दोन मीटर वर.

भिंतीचा सांधा

बऱ्याच डेकांत गळतीचं मूळ इथे असतं, आणि फॅब्रिकेटरचं सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. भिंतीला चॅनेल बोल्टने आवळलं आणि वरून पांढऱ्या सिलिकॉनची रेघ ओढली की काम झालं असं समजतात. पावसाचं पाणी भिंतीवरून उतरतं, प्लास्टरच्या मागे जातं आणि चॅनेलच्या मागून खाली येतं. वरच्या रेघेचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

योग्य रीत अशी. फळीच्या वर किमान 150 मिमी उंचीवर भिंतीत ग्राइंडरने 20 ते 25 मिमी खोल चर मारायची. चर प्लास्टर ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेली पाहिजे. 0.8 किंवा 1 मिमी अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी तिच्यात खोचायची, चर पॉलियुरेथेन सीलंटने भरायची आणि पट्टीचं खालचं टोक पाणी धरणाऱ्या थराच्या वर झुकतं सोडायचं. वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढला पाहिजे, कौलं बसवतात तसा. उलटं बसवलं तर सीलंट कितीही चांगलं असो, पाणी आत जाणारच.

कोकणात आणि गोव्यात भिंत जांभ्या चिऱ्याची असेल तर वेगळा विचार लागतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि त्यात ठोकलेला एक्स्पान्शन बोल्ट कालांतराने सैल होतो. अशा घरात डेक भिंतीवर टांगूच नये. भिंतीलगतही स्वतंत्र खांब उभे करावेत, भिंत आणि डेक यांच्यात 15 ते 20 मिमी जागा मोकळी ठेवावी आणि ती वरून पट्टीने झाकावी. दोन खांबांचा खर्च वाढतो, पण डेकचं वजन चिऱ्यावर येत नाही आणि भिंतीला वारा लागून ती सुकते.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. घराच्या छपराच्या पागोळ्या थेट डेकवर पडतात का, ते बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 4 × 3 मीटरच्या डेकवर तासाला 100 मिमीच्या वेगाने कोसळला तर मिनिटाला 20 लिटर होतात. 40 चौरस मीटर छपराचं पाणी त्यात मिळालं की ते मिनिटाला 85 लिटरच्या वर जातं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला होता, आणि महाबळेश्वरात तर वर्षाला 5,000 मिमीच्या वर पडतो. तेव्हा 100 मिमीचा हिशोब वाढीव समजू नका. छपराला स्वतंत्र पन्हळ लावून ते पाणी डेकला टाळून खाली उतरवा.

पाणी धरायचं कुठे: पाइपांच्या वर की खाली

दोन पद्धती आहेत. पहिलीत आडव्या पाइपांवरून, दोन पाइपांच्या मध्ये झोळीसारखा रबरी थर सोडतात आणि फळ्या त्याच्या वर येतात. दुसरीत सांगाड्याच्या खाली उतारावर पत्रा टांगतात. नवीन डेक करत असाल किंवा फळ्या बदलायच्याच असतील, तर निःसंशय पहिली घ्या. तिच्यात पाइप कोरडे राहतात. दुसरीत खालची जागा कोरडी होते, पण सांगाडा चार महिने भिजतच राहतो. फळ्या उचकटणं शक्य नसेल तेव्हाच ती घ्यावी.

4 मीटर भिंतीलगत आणि 3 मीटर बाहेर आलेल्या डेकसाठी पहिल्या पद्धतीचा हिशोब असा. 100 × 50 × 3 मिमीचे पाइप भिंतीपासून बाहेरच्या दिशेने, 300 मिमी अंतरावर धरले तर 15 लागतात आणि त्यांच्यात 14 गाळे तयार होतात. प्रत्येक गाळ्यासाठी 1.2 मिमी जाडीच्या ईपीडीएम रबराची 450 मिमी रुंद आणि 3.2 मीटर लांब पट्टी कापायची, सगळं मिळून सुमारे 20 चौरस मीटर. झोळ भिंतीकडे 20 मिमी आणि बाहेरच्या टोकाला 80 मिमी ठेवला की 3 मीटरात 60 मिमी, म्हणजे 1:50 उतार मिळतो. अख्खा डेकभर एकच मोठी चादर टाकायचा मोह होतो, पण बाहेरच्या टोकाला झोळ जास्त लागतो आणि भिंतीकडे कमी, त्यामुळे भिंतीपाशी चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत पाणी थांबतं. गाळ्यागणिक वेगळी पट्टीच बरी. भिंतीकडे 100 मिमी वर वळवायची, बाहेर पन्हळीत 50 ते 60 मिमी उतरवायची, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा पाइपाच्या माथ्यावर एकमेकींवर चढवायच्या.

त्या माथ्यावर 50 मिमी रुंद ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी) हवाच. फळ्यांच्या क्लिपांचे स्क्रू याच जागी रबरातून आरपार जातात आणि ब्युटाइल स्क्रूच्या भोवती घट्ट बसतं. पैसे वाचवायला डांबरी टेप लावू नका. तो उन्हात पातळ होऊन ओघळतो आणि ईपीडीएमशी त्याचं जमत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉनही इथे नको. रबराला ते धरत नाही आणि जस्ताचा थर खातं.

आडवी पन्हळ किमान 150 मिमी रुंद आणि 100 मिमी खोल असावी, तिला मीटरला 5 मिमी उतार द्यावा, आणि दोन टोकांना दोन उतरते पाइप घ्यावेत. मिनिटाला 20 लिटरसाठी 75 मिमीचा एक पाइपही पुरतो, पण आंबा-जांभळाची पानं असलेल्या घरी 110 मिमीचाच घ्या, आणि दोन घ्या. एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो. पन्हळीच्या वरच्या दोन फळ्या क्लिपांनी न बसवता वरून दिसणाऱ्या स्टेनलेस स्क्रूंनी बसवा, म्हणजे उघडून आत हात घालता येतो. त्या दिसायला जरा वेगळ्या वाटतात, पण न उघडणारी पन्हळ दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरते.

जुन्या डेकखाली पत्रा टांगायचा असेल तर 0.5 मिमीचा रंगीत प्रोफाइल पत्रा भिंतीपासून पन्हळीपर्यंत एकाच लांबीत घ्या. मध्ये आडवा जोड नको, कारण एवढ्या कमी उतारावर जोडातून पाणी मागे ओढलं जातं. उतार इथेही मीटरला 20 मिमी. पत्रा टांगण्याआधी सांगाडा घासून रंगवून घ्या, नंतर ब्रश पोहोचत नाही. फळ्या आणि पत्रा यांच्यातल्या पोकळीला कडेने 25 मिमी जागा ठेवून तिथे जाळी लावा. हवा खेळली पाहिजे आणि गांधीलमाश्या आत शिरता कामा नयेत. पत्र्यावर कुठेही पाण्याचं डबकं साचू देऊ नका. आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात, आणि ही जागा नेमकी बसायच्या जागेच्या डोक्यावर असते.

सांगाडा

बॉक्स पाइप बाहेरून रंगवलेला चकचकीत दिसतो आणि आतून गंजत असतो. टोकं उघडी, स्क्रूची भोकं, वेल्डिंगची बारीक छिद्रं, कुठूनही पाणी आत जातं. कटिंग, ड्रिलिंग आणि वेल्डिंग पूर्ण करून मगच सुटे भाग हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवायला) पाठवा आणि जागेवर बोल्टने जोडा. जस्त आतही फिरावं म्हणून पाइपांना दोन्ही टोकांना भोकं ठेवावीच लागतात. बंद पाइप वितळलेल्या जस्तात बुडवला तर आतली वाफ तो फोडू शकते. बाजारात तयार मिळणारा जीपी पाइप (आधीच जस्ताचा पातळ थर दिलेला) आणून जागेवर वेल्ड केला तर जोडाजवळचं पातळ जस्त जळून जातं, आणि गंज तिथूनच धरतो. तसंच करावं लागलं तर वेल्ड घासून त्यावर झिंक-रिच (भरपूर जस्त असलेल्या) प्रायमरचे दोन हात द्या, नुसता रेडऑक्साइड पुरत नाही. आधीच बसवलेल्या पाइपांना सगळ्यात खालच्या जागी 8 मिमीचं भोक पाडा. पहिल्यांदा पाडलं की काही ठिकाणी तांबूस पाण्याची चळकच बाहेर येते.

फळ्या

डब्ल्यूपीसीत पोकळ फळी स्वस्त पडते, पण कापलेल्या टोकातून तिच्या पोटात पाणी जातं. घेतलीच तर प्रत्येक टोकाला टोपण लावा आणि खालच्या बाजूने बारीक भोक ठेवा. घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यावर चारही बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेली भरीव फळी घ्यावी. आवरण नसलेल्या फळीत लाकडाचा भुसा उघडा पडतो, आणि सप्टेंबरपर्यंत त्यावर काळे बुरशीचे ठिपके येतात. 4 × 3 मीटरसाठी 146 मिमी रुंदीच्या फळ्या 5 मिमी फटीने 20 ओळींत बसतात. एका ओळीला एक अख्खी 2.9 मीटरची फळी आणि 1.1 मीटरचा तुकडा लागतो. असे दोन तुकडे एका फळीतून निघतात, म्हणजे 30 फळ्या, आणि दोन जास्तीच्या आणून ठेवा. लॉट बदलला की रंग जुळत नाही. जोडापाशी टोकाला 5 ते 6 मिमी फट सोडा आणि प्रत्येक टोकाला स्वतःचा पाइप आणि स्वतःची क्लिप द्या. एकाच पाइपावर दोन टोकं अर्धी-अर्धी टेकवली की वर्षभरात एक टोक उचलतं आणि पायाला लागतं.

लाकूडच हवं असेल तर सागवानाचा गाभा किंवा उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड घ्या. सागवानातला पांढरा भाग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्याला कीड आणि बुरशी लगेच लागते. वरून पॉलियुरेथेन पॉलिश नको, दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. लाकडात मुरणारं डेक ऑइल एप्रिल-मे मध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

रेलिंग

रेलिंगमुळे दोन प्रकारे त्रास होतो, गळतीने आणि सैल होण्याने. दोन्हींचं मूळ खांबाच्या बुडाशी असतं. 1100 मिमी उंचीच्या रेलिंगला माणूस 90 किलोच्या रेट्याने टेकला आणि बुडाचे बोल्ट 100 मिमी अंतरावर असले, तर ओढ घेणाऱ्या बोल्टांवर 90 × 1100 ÷ 100, म्हणजे जवळपास 1 टनाचा ताण येतो. फळीवर स्क्रूने बसवलेला खांब हे कधीच पेलणार नाही. खांब डेकच्या बाहेरच्या उभ्या बाजूला, सांगाड्याच्या पाइपाला एम-12 च्या (12 मिमी जाडीच्या) दोन बोल्टांनी बसवा. बोल्ट जिथे पाइपातून जातो तिथे आत नळीचा बुश घाला, नाहीतर आवळताना 3 मिमीचा पाइप चेपतो आणि बोल्ट पुन्हा ढिला पडतो. खांबाची पट्टी आणि पाइप यांच्यात 10-12 मिमीचा नायलॉनचा तुकडा ठेवला तर मागून पाणी निघून जातं. बाजूने बसवलेला खांब रबरी थराला हातच लावत नाही, त्यामुळे गळतीचं ते कारणच उरत नाही. दोन खांबांत 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि उभ्या सळ्यांत 100 मिमीपेक्षा कमी फट हवी. लहान मुलं असतील तर आडव्या तारा-नळ्यांचं रेलिंग टाळाच, ती त्याची शिडी करतात.

किनाऱ्यावर 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ते तोंड देतं. 304 वर एक-दोन वर्षांत चहाच्या डागांसारखे तांबूस डाग येतात. घाटमाथ्यावर 304 चालतं, मात्र दुकानात स्टेनलेस म्हणून हलक्या ग्रेडचं 202 हातात पडण्याची शक्यता मोठी असते. लोहचुंबकाने 202 आणि 304 मधला फरक कळत नाही. थेंब टाकून तपासायचं किट मिळतं, ते आणून पाइप कापण्याआधी तपासा. अॅल्युमिनियमच्या रेलिंगला स्टेनलेसचे स्क्रू असतील तर मध्ये नायलॉन किंवा ईपीडीएमचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम स्क्रूभोवती पांढरी पूड होऊन झडतं.

काचेचं रेलिंग हवं असेल तर काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) आणि लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) अशी दोन्ही असावी, साधारण 6 + 1.52 + 6 मिमी. एकेरी टफन्ड काच फुटली की खाली बसलेल्यांच्या अंगावर खडे पडतात. तळाच्या यू-चॅनेलला दर 300 मिमीवर पाणी जायला भोक हवं. काचेची कड पाण्यात उभी राहिली तर मधला थर पांढुरका होऊन सुटत जातो.

साफसफाई

पन्हळ मे महिन्याच्या सुरुवातीला साफ करून निश्चिंत होऊ नका. वळवाचा पहिला जोरदार पाऊस आणि वारा झाडांवरची सगळी सुकी पानं खाली आणतो, म्हणून वळवानंतर आणि मृगाच्या आधी एकदा उघडा, मग श्रावणात उघडीप मिळाली की दुसऱ्यांदा. शेवाळ्यासाठी नायलॉनचा ब्रश, कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो, फळीच्या खाचांच्या दिशेने घासायचं. फरशीचं अॅसिड डेकवर आणूच नका. दोन झाकणं अॅसिड शेवाळ काढतं खरं, पण खाली जाऊन पाइपांचं जस्त विरघळवतं आणि स्टेनलेसला खड्डे पाडतं. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं खणखणीत वाळलं की एका कोपऱ्यातली सुटी फळी काढून टॉर्चने आत बघा. पाइपाच्या माथ्यावर ब्युटाइलच्या कडेने तांबूस रेघ दिसली तर तेवढाच भाग उघडून टेप बदला आणि झिंक-रिच प्रायमर लावा. एक फळी आणि तासाभराचं हे काम पुढच्या जूनपर्यंत राहिलं तर अख्खी ओळ काढावी लागते.